जलपर्णीचा ठेका आणि उजनीचे हिरवे पाणी

होळीच्या आगेमागे पुण्याच्या वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास छापून येते. मुळा-मुठेवर पसरलेला हिरवागार गालिचा, त्यावर जांभळी फुले आणि मधोमध अडकलेले एखादे यंत्र. खाली मजकूर ठरलेला: जलपर्णीचा विळखा, डासांचा उच्छाद, नागरिक त्रस्त. मग निविदा निघते. निविदेवरून वाद होतो. २०१९ च्या फेब्रुवारीत तर जलपर्णीच्या निविदेवरून महापालिकेत प्रकरण हातघाईवर आले होते. ठेकेदार काही दिवस काठावर हिरवे ढीग रचतो. तोवर जून उजाडतो आणि उरलेली जलपर्णी पहिला पूर फुकटात वाहून नेतो. पुढच्या हिवाळ्यात ती परत हजर!

या वार्षिक प्रयोगाला महापालिका 'नदीस्वच्छता' म्हणते. आम्ही तसे म्हणावयास तयार नाही.

सेमिनरीत आम्हांला ॲरिस्टॉटलची चार कारणे घोकवून घेतली गेली होती. त्या वेळी ती पुढे कोठे उपयोगी पडतील असे वाटले नव्हते. महापालिकेच्या कारभाराकडे पाहताना मात्र ती वारंवार आठवतात. जलपर्णी हे कार्य आहे, कारण नव्हे. तिचे उपादान म्हणजे सांडपाण्यातून येणारे नत्र आणि फॉस्फरस. मलमूत्र, कपडे-भांड्यांच्या साबणाचे पाणी, शेतातून वाहून आलेली खते यांतून हे अन्न नदीत उतरते. ते मिळाले की ॲमेझॉनच्या खोऱ्यातून आलेली ही वनस्पती पंधरवड्यात दुप्पट होऊ शकते. अन्न तसेच ठेवून पान तेवढे उपटणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून रोज फरशी पुसत बसणे होय.

बरे, जलपर्णी काढून तरी काय साधते? तिच्या दाट छायेमुळे पाण्यात ऊन शिरत नाही. ती काढली की ऊन शिरते आणि त्याच अन्नावर सूक्ष्म शेवाळ माजते. संथ पाण्यात, कडक उन्हात नीलहरित शेवाळाची साय धरते. पाणी हिरव्या रंगासारखे दाट होते, कुजका वास सुटतो, रात्री प्राणवायू संपून मासे मरतात. औषध फवारून जलपर्णी मारावी, तर ती तेथेच कुजते आणि पोटातले सारे अन्न पाण्याला परत करते. डोळ्यांना दिसणारा शत्रू हटवून आपण न दिसणाऱ्याला वाट करून देतो.

हा दुसरा शत्रू अधिक घातकी आहे. या शेवाळाच्या काही जाती, विशेषतः मायक्रोसिस्टिस, यकृतावर घाला घालणारे विष तयार करतात. पाणी उकळल्याने ते नष्ट होत नाही, हे आमच्या प्रत्येक गृहिणीने ध्यानी ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेने या विषाच्या प्रमुख प्रकारासाठी पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मायक्रोग्रॅम एवढीच मर्यादा घातली आहे. १९९६ साली ब्राझीलमधील कारुआरू गावात अशा दूषित तलावाचे अपुऱ्या प्रक्रियेचे पाणी मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या डायलिसिससाठी वापरले गेले आणि पन्नासांहून अधिक माणसे दगावली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील टोलेडो शहराने सुमारे पाच लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगितले. लोकांना सत्य सांगण्याचे धैर्य त्या नगरपालिकेने निदान दाखविले.

पुणेकर म्हणतील, आमचे पिण्याचे पाणी तर खडकवासल्याहून येते. बंडगार्डनच्या बंधाऱ्यापाशी साचलेल्या हिरवाईशी आमचा काय संबंध? नेमका हाच प्रश्न आम्हांला अस्वस्थ करतो. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीच्या जलाशयात विसावते. उजनीवर सोलापूर शहराची तहान भागते. त्याच भीमेच्या काठी, धरणाच्या खाली, पंढरपूर आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी उजनीचे पाणी हिरवे पडते, त्याला दुर्गंधी येते, ही तक्रार इंदापूर-करमाळ्याकडील माणसे कित्येक वर्षे करीत आली आहेत. या दुखण्याला पुणे एकटे जबाबदार नाही. पिंपरी-चिंचवड आहे, कारखाने आहेत, उसाच्या शेतातील खते आहेत. परंतु आपला वाटा मोठा आहे. सह्याद्रीचे निर्मळ पाणी आपण वरून घेतो आणि वापरून झाले की खालच्या शेजाऱ्याच्या घागरीत ओततो.

आता हिशेबाकडे वळू. मुळा-मुठेच्या प्रदूषण नियंत्रणाच्या योजनेला केंद्राने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. जपानचे कर्ज, खर्च ९९० कोटी, अकरा नवी मैलाशुद्धीकरण केंद्रे, क्षमता रोज ३९६ दशलक्ष लिटर. आणि काम पुरे करण्याची मुदत जानेवारी २०२२. मार्च २०२२ मध्ये, म्हणजे मुदत टळून गेल्यावर, पंतप्रधानांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली! तोवर खर्च १४७० कोटींवर गेला होता. त्याच समारंभात नदीकाठ सुशोभनाच्या ९ किलोमीटरच्या टप्प्याचीही पायाभरणी झाली. त्याचा खर्च १०८० कोटी. त्याच महिन्यात महापालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ या शहरावर प्रशासकाचे राज्य राहिले. ७४ व्या घटनादुरुस्तीने स्वच्छता, पाणीपुरवठा व पर्यावरणरक्षण हे विषय नगरपालिकांच्या सूचीत घातले खरे. पण जाब कोणाला विचारावा, हेच नागरिकाला उमगेना.

पैसा नाही ही सबब, तेव्हा, आम्ही मान्य करीत नाही. काठावर फिरण्याच्या वाटा आणि नौकाविहार यांना आमचा विरोध नाही. परंतु नौका कशावर तरंगणार, हे आधी पाहावे.

आणखी एक मेख आहे. मैलाशुद्धीकरण केंद्र उभे राहिले म्हणजे शेवाळाचे अन्न आपोआप संपत नाही. साधी प्रक्रिया घाण कुजवून पाणी निवळ करते; फॉस्फरस काढण्यासाठी तशी वेगळी रचना करावी लागते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१९ च्या आदेशात कडक मानके मान्य केली, पण त्यांत फॉस्फरसची लिटरला १ मिलिग्रॅम ही मर्यादा तलावांत सोडल्या जाणाऱ्या पाण्यापुरती आहे. मुठा नदी आहे, तलाव नव्हे, असे कोणी वकील म्हणेल. आम्ही म्हणतो, उजनी काय आहे?

हे अशक्य नाही. अमेरिकेतील सियाटल शहराजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात १९५५ साली घातक शेवाळ आढळले. १९५८ मध्ये काठावरच्या नागरिकांनी मतदान करून एक सामाईक संस्था उभारली आणि १९६३ ते १९६८ या काळात सरोवरात येणारे सारे सांडपाणी वळविले. काही वर्षांतच पाणी निवळले. शेवाळ उपसण्याचा ठेका कोणी दिला नव्हता. त्यांना वळवायला समुद्र होता, आपल्याला नाही. म्हणून फॉस्फरस केंद्रातच अडविण्यावाचून आपल्याला गत्यंतर नाही.

'लोकच निर्माल्य टाकतात, लोकच कचरा टाकतात' असे अधिकारी म्हणतात. लोक टाकतात, आणि त्यांत आपलीही घरे आली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पाण्याच्या प्रदूषणाविषयी लिहिताना धुलाईच्या साबणचुऱ्यांचाही उल्लेख केला आहे, तो आपल्यासाठीच आहे. तथापि, निर्माल्याची टोपली आणि नाल्यातून अहोरात्र वाहणारा मैला यांना एका तराजूत घालणे ही लबाडी आहे.

आमची मागणी साधी आहे. जलपर्णीच्या प्रत्येक निविदेसोबत महापालिकेने त्या ठिकाणी कोणता नाला मिळतो, त्यातून किती मैला येतो आणि तो कोणत्या तारखेला बंद होणार, हे छापावे. पाषाण आणि कात्रजच्या तलावांकाठी उन्हाळ्याचे चार महिने दर आठवड्याला पाण्याची तपासणी करून तिचा निकाल मराठीत फलकावर लावावा. पाणी हिरवे असेल तर मुलांनी व गुरांनी त्यात उतरू नये, असे त्यावर स्पष्ट लिहावे. अकराही केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यातील फॉस्फरसचा आकडा दरमहा जाहीर करावा, आणि त्याची एक प्रत सोलापूर महापालिकेला पाठवावी.