इंजिनाचा उच्छ्वास



या सदरातून आजवर आपण शाळा, नागरिकत्व, भाषा आणि विहार यांविषयी बोललो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे. ट्रलीतील आमच्या घरामागच्या गॅरेजमध्ये गेले दोन हिवाळे एक जुनी फोर्ड एस्कॉर्ट उभी आहे. तिचे इंजिन शर्यतीसाठी घरीच बांधले गेले आणि त्याला बसवायचा एक्झॉस्टही घरीच घडवावा लागला. या एक्झॉस्टने आमच्या घरात एक जुना प्रश्न नव्याने उभा केला. म्हणून हा लेख.

प्रथम या गाडीविषयी. केरी परगण्यात जुन्या एस्कॉर्टचे प्रेम घराघरांत आहे. दर वर्षी मे महिन्याच्या आरंभी किलार्नीला ‘रॅली ऑफ द लेक्स’ भरते, तेव्हा मॉल्स गॅपच्या वळणावळणाच्या घाटात लोक पावसात उभे राहून या गाड्यांचा आवाज ऐकतात. या इंजिनाच्या वंशातही स्थलांतराची कथा आहे. १८४७ साली, महादुष्काळाच्या दिवसांत, कॉर्क परगण्यातील विल्यम फोर्ड कुटुंबासह अमेरिकेस गेला. त्याचा मुलगा हेन्री याने १९१७ साली पित्याच्या परगण्यात, कॉर्क शहरात, कारखाना काढला आणि तो १९८४ पर्यंत चालला. पोटासाठी देश सोडलेल्यांची मुले यंत्रे घेऊन परत येतात, हे आपल्यासारख्या स्थलांतरितांनी ध्यानात ठेवावे असे आहे.

आमच्या गाडीचे इंजिन फोर्डच्या ‘केंट’ कुळातील, १५९९ घनसेंटिमीटरचे ‘क्रॉसफ्लो’. १९६७ साली आलेल्या या रचनेत हवा आणि पेट्रोल डोक्याच्या एका बाजूने आत जातात, जळालेला वायू दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. गाडीचा सांगाडा शेजारच्या निवृत्त वेल्डरकाकांकडून मिळाला. इंजिन बांधण्याचे काम त्यांचे, माझे आणि सोळा वर्षांच्या माझ्या मुलीचे. ही गाडी किल्डेअर परगण्यातील माँडेलो पार्कच्या शर्यतमार्गावर धावावी, एवढीच आमची आकांक्षा.

एक्झॉस्ट म्हणजे धूर बाहेर नेणारी नळी, अशी सर्वसाधारण समजूत असते. माझीही होती. प्रत्यक्षात इंजिन श्वास कसा घेते, हे ते उच्छ्वास कसा टाकते यावर अवलंबून असते. झडप उघडताच जळालेल्या वायूचा दाब लाटेसारखा नळीतून धावतो. तप्त वायूत ही लाट सेकंदाला सुमारे ५५० मीटर वेगाने जाते. थंड हवेतील ध्वनीपेक्षा पुष्कळच वेगाने. चार नळ्या जिथे एकत्र येतात त्या मोकळ्या तोंडाशी ती पोहोचली, की तिचे रूप पालटते आणि ओढीची, म्हणजे कमी दाबाची लाट मागे परतते. ही लाट एक्झॉस्टची झडप मिटण्यापूर्वी आणि हवेची झडप उघडत असताना सिलिंडरपाशी पोहोचली, तर ती उरलासुरला धूर ओढून नेते आणि ताजी हवा आत खेचते. लवकर वा उशिरा पोहोचली तर तीच लाट अडथळा ठरते. म्हणजे सारा प्रश्न वेळेचा आणि वेळ ठरते नळीच्या लांबीने.

ही लांबी काढण्याचा कारागिरांचा एक जुना ठोकताळा आहे. पिस्टन तळाशी पोहोचण्यापूर्वी किती अंशांवर एक्झॉस्टची झडप उघडते, तो आकडा १८० मध्ये मिळवावा. बेरजेला ८५० ने गुणून इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांनी भागावे आणि उत्तरातून ३ वजा करावेत. आलेली संख्या म्हणजे इंचांत लांबी. आमच्या कॅमशाफ्टवर झडप ७० अंश आधी उघडते आणि आम्हाला ६५०० फेऱ्यांवर सर्वाधिक ताकद हवी होती. गणित केले तेव्हा सुमारे ३० इंच, म्हणजे ७५ सेंटिमीटर आले. रस्त्यावर रोज चालवायच्या गाडीला चार नळ्यांच्या दोन आणि दोनांची एक अशी रचना सोयीची, कारण ती मधल्या फेऱ्यांवरही ओढ देते. शर्यतमार्गावर इंजिन बहुतेक वेळ वरच्या फेऱ्यांतच राहते, म्हणून आम्ही चार नळ्या थेट एकीत आणण्याचे ठरवले.

चारही नळ्या सारख्याच लांबीच्या हव्यात, हा नियम कागदावर सोपा आहे. गाडीत मात्र एका नळीच्या वाटेत स्टिअरिंगचा दांडा येतो, दुसरीच्या वाटेत स्टार्टर मोटर, तिसरीच्या वाटेत गिअरबॉक्सची घंटा. म्हणून इंजिन, गिअरबॉक्स, स्टार्टर आणि स्टिअरिंग आपापल्या जागी बसवल्याखेरीज एकही नळी कापू नये. इंजिन रबराच्या आधारांवर हलते, हे लक्षात घेऊन सर्व बाजूंना १५ ते २० मिलिमीटर जागा मोकळी ठेवावी. नळीची लांबी बाहेरच्या वळणावरून न मोजता मध्यरेषेवरून मोजावी. आधी नळ्या गाडीतच टाक्यांनी जोडाव्यात, मग बाहेर काढून पूर्ण वेल्ड कराव्यात. आणि वेल्ड करताना फ्लँज एखाद्या भंगारातल्या सिलिंडर हेडवर घट्ट आवळून ठेवावी, नाहीतर उष्णतेने ती वाकडी होते आणि पुन्हा कधी सपाट बसत नाही.

सुरक्षिततेबाबत मी कठोर राहिलो. जस्ताचा मुलामा असलेली नळी कधीही वेल्ड करू नये. तिचा धूर ताप आणतो. स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगच्या धुरात घातक क्रोमियम असते. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातला. म्हणून मुखवटा, हवेचा झोत आणि उघडे दार यांविना आमच्याकडे ठिणगीही पडली नाही. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन एक मिनिटही सुरू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना गंध.

एवढे सगळे सांभाळूनही मी एक चूक केली. काकांनी नळ्यांना तापून वाढायला वाव ठेवण्यास सांगितले होते. मला वाटले, घट्ट तेच मजबूत. मागचे टोक मी गाडीच्या सांगाड्याला थेट बोल्टने आवळले. इंजिन सुरू झाले, आवाज भरदार आला, मुलीने टाळ्या वाजवल्या. आठवड्याभराने धुरातील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर दाखवू लागला की पेट्रोल कमी पडते आहे. मी कार्बुरेटरचे जेट बदलून पेट्रोल वाढवले. सेन्सर तेच म्हणत राहिला. मी आणखी वाढवले. प्लग काढून पाहिले तर ते काजळीने काळेकुट्ट झालेले, आणि इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येत होता. यंत्र एक सांगत होते आणि प्लग दुसरेच.

त्या रविवारी माझ्या वडिलांशी व्हिडिओवर बोलणे झाले. ते रेल्वेच्या एका कारखान्यात चौतीस वर्षे फिटर होते. मुलीने सहज फोन इंजिनाजवळ नेला आणि किल्ली फिरवली. बाबा डोळे मिटून ऐकत राहिले.

“बारीक टिकटिक येतेय. गरम झाल्यावर थांबते का?”

“हो बाबा, पाचेक मिनिटांनी ऐकू येत नाही.”

“मग फ्लँजपाशी चीर आहे. लोखंड तापलं की फुगतं, चीर बुजल्यासारखी होते. कुठंतरी करकचून बांधलंयस तू त्याला.”

साबणाचे पाणी लावून, मागचे तोंड बंद करून नळीत हवा भरली. तिसऱ्या नळीच्या वेल्डलगत बुडबुडे आले. साध्या पोलादाची ७५ सेंटिमीटर नळी ६०० अंशांनी तापली तर सुमारे साडेपाच मिलिमीटर लांबते, स्टेनलेसची साडेसात. तिला लांबायला जागा नसेल तर ती जागा चिरून काढते. आणि दाबाच्या लाटेपाठोपाठ ओढीची लाट येते, तेव्हा त्या चिरेतून बाहेरची हवा आत शिरते. सेन्सर खोटे बोलत नव्हता. त्याच्यासमोर खरोखरच जास्त ऑक्सिजन होता. तो कुठून आला, हे मी विचारले नव्हते. कारण न शोधता लक्षणावर उपाय करीत गेलो. प्रतीत्यसमुत्पादावर प्रवचने ऐकलेल्या माणसाला हे शोभणारे नव्हते.

आम्ही नवी नळी घडवली, सांधे एकमेकांत सरकणारे केले, ते स्प्रिंगने धरले, मागचा भाग रबराच्या झोळीत टांगला, ऑइल बदलले आणि जेट मूळच्या मापाचे लावले. टिकटिक गेली. सेन्सर आणि प्लग आता एकच भाषा बोलतात.

खरा प्रश्न त्यानंतर आला. मुलगी म्हणाली, “मला हेच शिकायचं आहे.” शाळा संपल्यावर विद्यापीठात न जाता मोटार मेकॅनिकची अप्रेंटिसशिप करायची. आयर्लंडमध्ये हे शिक्षण चार वर्षांचे असते, सात टप्प्यांत विभागलेले. काही टप्पे कामावर, काही प्रशिक्षण केंद्रात. आमच्या ट्रलीतच, मोनाव्हॅली येथे, केरी शिक्षण मंडळाचे असे केंद्र आहे. शिकताना पगार मिळतो आणि शेवटी राष्ट्रीय मान्यतेचे प्रमाणपत्र. ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना आपल्याला नवी नाही. तरीही घर दोन दिवस गप्प होते.

या गप्पपणाचे कारण आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्यांच्या कपाळी पिढ्यान्‌पिढ्या हाताचे काम लिहिले गेले, त्यांच्यासाठी ‘शिका’ या शब्दाचा अर्थच हात स्वच्छ राहणे असा झाला. बाबांनी मला पाना हातात धरू दिला नाही. कारखान्यात त्यांच्या कौशल्यावाचून काम अडे, पण त्यांच्या पेल्याला वेगळी खुंटी होती. तेच बाबा आता नातीबद्दल म्हणाले, “एवढ्या लांब जाऊन पुन्हा ग्रीसच?”

मी त्यांना दोष देऊ शकलो नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास आपल्याला माहीत आहे. विणकाम खात्यात पगार चांगला होता, पण धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला तिथे उभे राहू देत नसत. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला होता. कौशल्य शिकण्याचे दार बंद करून पुन्हा ‘यांना कौशल्य नाही’ म्हणायचे, ही ती व्यवस्था. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, तीत माणसाची आवड आणि कल यांना स्थान नाही. या विवेचनाचा रोख श्रमावर नाही, लादण्यावर आहे, हे मला गॅरेजमध्ये काळ्या हातांनी उभे राहून नीट उमगले.

पुढच्या रविवारी मी बाबांना एवढेच विचारले, “कोणाही इंजिनिअरला न कळलेली चीर तुम्ही तीन हजार कोसांवरून ओळखलीत. ही विद्या नव्हे का?”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “विद्या होती. पण मला कोणी विचारलं नव्हतं, काय शिकायचंय म्हणून. हिला विचारा. आणि कागद पक्का असू दे. प्रमाणपत्राशिवाय हाताला किंमत देत नाहीत.”

त्यानंतर त्यांनी नातीला फोनवर बोलावले आणि कानस कशी धरायची यावर अर्धा तास घेतला.

तिचा निर्णय अजून झालेला नाही. शाळेची दोन वर्षे बाकी आहेत. ती विद्यापीठात गेली तरी आनंद आहे, मोनाव्हॅलीला गेली तरी आनंद आहे. आपल्या घरांतील मुलांनी डॉक्टर, अभियंता, संगणकतज्ज्ञ व्हावे असे आपण म्हणतो ते योग्यच आहे. त्या खुर्च्या आपल्याला सहजी मिळालेल्या नाहीत. परंतु एखाद्या मुलाचे वा मुलीचे मन पोलादात, लाकडात, शेतात रमत असेल, तर जुन्या जखमेच्या भीतीने त्याची वाट बंद करू नये. करकचून बांधलेली नळी चिरते, हे आम्ही आमच्या गॅरेजमध्ये पाहिले आहे.

आणि ज्यांचे आईवडील कारखान्यात, रेल्वेत, गिरणीत राबले, त्यांनी पुढच्या रविवारी फोनवर त्यांना त्यांच्या कामाविषयी एक तरी प्रश्न विचारावा. ती विद्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेली नाही.

भवतु सब्ब मंगलं.