क्रूझचा धूर आणि सांडपाणी
मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून सुटणाऱ्या क्रूझचा पर्यावरणावरील भार मोजायची सुरुवात इंधनाच्या नोंदवहीपासून होते. एक टन जड इंधन तेल जाळले की सुमारे 3.114 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर्षभराच्या या आकड्याला जहाजाचे सकल टनेज आणि कापलेले सागरी मैल यांच्या गुणाकाराने भागले की कार्बन तीव्रता मिळते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या नियमानुसार 2023 पासून 5000 सकल टनेज व त्यावरील जहाजांना त्यावरून ‘ए’ ते ‘ई’ श्रेणी दिली जाते. केवळ आपल्या ध्वजाच्या देशाच्या हद्दीत फिरणाऱ्या जहाजांना मात्र हा नियम लागू नाही. हिशेबात आणखी एक पंचाईत आहे. धक्क्याला लागलेले जहाज अंतर कापत नाही, पण वातानुकूलन, भटारखाना, दिवे यांसाठी त्याची जनित्रे धडधडतच असतात, आणि तो धूर थेट वस्तीत शिरतो. म्हणून बंदरातला धूर वेगळा मोजलाच पाहिजे. किनाऱ्यावरून वीज पुरवली तर तो थांबतो. पण ती वीज कोळशाची असेल, तर तिचा धूर नाशिक रोडजवळच्या एकलहऱ्यासारख्या औष्णिक वीज केंद्राच्या खाती मांडावा लागतो. इंधनातील गंधकावर 2020 पासून 0.50 टक्क्याची मर्यादा आहे. मैलापाण्यालाही जहाजांचे प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराचे नियम आहेत: प्रक्रिया न केलेले मैलापाणी किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपलीकडेच सोडता येते. न्हाणीघर, धुलाई आणि भांड्यांचे पाणी मात्र या करारात येत नाही. क्रूझला जाणाऱ्यांनी तिकीट काढताना कंपनीकडे इंधनाचा आणि सांडपाण्याचा वार्षिक आकडा जरूर मागावा.