रिकामा रकाना

आमच्या बेळगावकडच्या खेड्यांत फौजेत कुणीच नाही असं घर शोधावं लागतं. जवान सुट्टीवर आला की ट्रंक उतरायच्या आत चहाला चार माणसं जमतात. पण तोच आजार घेऊन कायमचा घरी आला की काय होतं, ते मी माहेरीच पाहिलं.

माझा धाकटा भाऊ सतरा वर्षं नोकरी करून 2016 साली सुटला. लेहकडं असताना त्याला रक्तदाब जडला होता. सुटताना मेडिकल बोर्डानं अपंगत्व 30 टक्के, तेही जन्मभरासाठी, असं लिहिलं. त्याच कागदावर खाली शेरा होता, आजाराचा नोकरीशी संबंध नाही. अपंगत्व पेन्शनला त्याच्याबाबतीत दोन्ही गोष्टी हव्या होत्या : किमान 20 टक्के अपंगत्व, आणि ते नोकरीमुळं आलं किंवा वाढलं हा निष्कर्ष. दावा नामंजूर झाला.

त्यानं ते पत्र देवघराच्या फळीवर ठेवून दिलं. म्हणाला, "अक्का, नको गं. साधी पेन्शन मिळतीया की. परत हात पसरायला लाज वाटतीया."

भावजय मला मागीलदारी घेऊन गेली. "वन्स, हे महिनाभर गोळ्या एक दिवसाआड घेत्यात. पोरीची फी भरायची हाय म्हणून. कुणाला सांगू नका म्हणालेत."

मग मात्र मी चष्मा लावून कागद वाचायला बसले. माहितीच्या अधिकारात त्याचे वैद्यकीय कागद मागवले. भरतीच्या वेळच्या तपासणीत आधीचा आजार लिहायचा रकाना रिकामा होता. म्हणजे पोरगा धडधाकट गेला होता.

त्या रिकाम्या रकान्याचं मोल एका वकिलांनी सांगितलं. धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2013 साली म्हटलं आहे, की भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत आला असं धरावं. तसं नाही हे सिद्ध करायचं ओझं जवानावर नाही. बोर्डानं नुसता शेरा मारून भागत नाही, कारणं द्यावी लागतात.

पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत केलं. ते फेटाळलं. दुसरंही फेटाळलं. शेवटी सशस्त्र दल न्यायाधिकरणात गेलो. कर्नाटकासाठी त्याचं खंडपीठ कोचीला आहे. निकाल आमच्या बाजूनं लागला, आणि नियमाप्रमाणं 30 टक्के हे 50 टक्के धरून पेन्शन बसली.

वाचकहो, तुमच्या घरी असं पत्र असेल तर तारीख आधी बघा, मुदत तिथून मोजतात. बोर्डाचे आणि भरतीचे कागद हातात आल्याशिवाय अपील लिहू नका. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. मात्र 2023 च्या सप्टेंबरात नवे नियम आले आहेत. त्यानंतर सुटलेल्यांनी ते नीट समजून घ्यावेत.

मंजुरीचं पत्र आलं त्या दिवशी भाऊ काही बोलला नाही. रात्री जेवण झाल्यावर त्यानं गोळी घेतली. दुसऱ्या दिवशीही घेतली. भावजयीनं माझ्याकडं नुसतं बघितलं.

हात पसरणं वेगळं आणि आपला हिशोब मागणं वेगळं. ही लाज आमच्या घराला दोन वर्षांना पडली.