ते पिल्लू लिलावाच्या यादीतून आजच काढा

अमेरिकेत शाळांच्या, रुग्णालयांच्या आणि सेवाभावी संस्थांच्या फंडरेझरचा हंगाम सुरू झाला आहे. न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत आपली मराठी माणसं या कार्यक्रमांत आता नुसती पाहुणी म्हणून जात नाहीत. ती पालक-शिक्षक संघटनांत आहेत, आयोजन समित्यांत आहेत, अख्खी टेबलं विकत घेणारी आहेत. म्हणून ही विनंती तुम्हाला आहे. तुमच्या कार्यक्रमाची लिलावाची यादी आज उघडून पाहा. हवाईची सहल, सही केलेली बॅट, जेवणाची कुपनं यांच्या रांगेत एखादं जिवंत पिल्लू असेल, तर ते काढायला लावा.

हे कसं चालतं ते अनेकांनी पाहिलं आहे. आठ आठवड्यांचं लॅब्राडोर किंवा गोल्डन रिट्रीव्हर, गळ्यात रिबन. जेवण होत आलेलं, वाइन फिरलेली. एक स्वयंसेवक ते पिल्लू टेबलाटेबलावरून नेतो, कारण मांडीवर बसलेल्या पिल्लापायी बोली चढते हे लिलाव करणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. दोन टेबलांत चुरस लागते. शेवटी जो जिंकतो, त्याच्या मनात त्या दुपारपर्यंत कुत्रा पाळण्याचा विचारही आलेला नसतो.

चांगला ब्रीडर काय करतो? तो प्रश्न विचारतो. दिवसभर घरी कोण असतं? घरमालकाची परवानगी आहे का? कुणाला ॲलर्जी? उन्हाळ्यात महिनाभर भारतात जाल, तेव्हा हा कुणाकडे राहणार? उत्तरं पटली नाहीत तर तो पिल्लू देत नाही. नकार देण्याचा हा अधिकारच पिल्लाचं खरं संरक्षण आहे, आणि लिलावाच्या मंचावर तो कुणाकडेच उरत नाही. तिथे फक्त सर्वांत मोठा आकडा घर ठरवतो.

पुढचं त्याहून वाईट. घरी नेल्यावर आठवड्याभरात कळतं की हे आपल्याला झेपणार नाही. ब्रीडरकडून नीट चौकशी करून घेतलेलं पिल्लू परत करता येतं. जबाबदार ब्रीडर तशी अटच घालतो. पण शंभर माणसांच्या टाळ्यांत, मुलांच्या रुग्णालयासाठी म्हणून घेतलेलं पिल्लू परत कसं करायचं? देणगी मागे घेतल्यासारखं वाटतं. लाजेपोटी माणसं गप्प राहतात. मग ते पिल्लू गॅरेजमध्ये वाढतं, किंवा वर्षभरात शेल्टरमध्ये पोचतं. 2024 साली अमेरिकेतल्या शेल्टरांत सुमारे 58 लाख कुत्री-मांजरं आली. तिथे आणखी भर घालायला आपण निधी गोळा करतो आहोत का?

शिवाय आठ आठवड्यांच्या वयात लसीकरण पुरं झालेलं नसतं. डोस साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. पार्व्होचा विषाणू बुटांच्या तळव्यांवरून येतो आणि कोवळ्या पिल्लाचा जीव घेऊ शकतो. आणि आपण ते शेकडो लोकांच्या हातांतून, लाउडस्पीकरच्या कल्लोळात फिरवतो.

कुत्र्यांच्या जगातल्या जाणत्यांनी हे केव्हाच ओळखलं आहे. गोल्डन रिट्रीव्हर क्लब ऑफ अमेरिकाची आचारसंहिता सदस्यांना लिलावात कुत्री विकू नका असं सांगते. ब्रिटनच्या केनेल क्लबची संहिता कोणत्याही स्पर्धेत कुत्रा बक्षीस किंवा देणगी म्हणून द्यायला मनाई करते. म्हणजे पिल्लू दान करायला पुढे आलेला ब्रीडर या संहितांच्या भूमिकेविरुद्ध वागतो आहे, हे समितीला सांगायला संकोचू नका.

कुणी म्हणेल, पैसा तर चांगल्या कामाला जातो. जातो, आणि त्या कामाची गरज खरी आहे. पण ज्याला त्या कामासाठी द्यायचं आहे, तो काहीही न घेता थेट देणगीसाठी बोलीचं पॅडल वर करतो. तो भाग बहुतेक कार्यक्रमांत असतोच. त्याला आणखी वेळ द्या. कुत्र्यांचंच आकर्षण हवं असेल तर प्रशिक्षणाचे वर्ग, पशुवैद्याकडच्या वर्षभराच्या तपासण्या, घरच्या कुत्र्याचं चित्र काढून देणं, एखाद्या शेल्टरमधल्या दहा कुत्र्यांचं दत्तकशुल्क असं काही लिलावाला ठेवा. कुणी म्हणेल, ब्रीडरच्या मंजुरीची अट घालू. मग ती मंजुरी कार्यक्रमाआधी, इच्छुकांना घरी भेटून व्हायला हवी. ते कुणी करत असल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आपण इथे बाहेरून आलेलो, कशाला विरोध करायचा, असा विचार मनात येतो. तो बाजूला ठेवा. समितीला आजच ईमेल करा. यादी छापून झाली असेल तरी ती वस्तू मंचावर न आणता रद्द करता येते. रद्द झालीच नाही, तर पॅडल खाली ठेवा, शेजारच्यांनाही तसं सांगा, आणि तीच रक्कम थेट देणगीत द्या. आणि तुम्ही आधीच असं पिल्लू घेतलं असेल, तर या आठवड्यात पशुवैद्याकडे न्या, ब्रीडरचा फोन नंबर समितीकडून मागून घ्या, आणि झेपत नसेल तर त्याला लगेच कळवा.