विश्लेषण : सोळाव्या वर्षी अंडी घालणारा मासा आणि भारताचं मत

पहिला जोरदार पाऊस झाला की कर्जतजवळच्या कोंडाणे परिसरात वळगणीच्या माशांची चर्चा सुरू होते. अंडी घालायला ओढ्यातून वर चढणारी मासळी सहज हाती लागते. पण अंडी घालण्याआधीच ती धरली, तर पुढच्या वर्षी काय? अंटार्क्टिकाच्या समुद्रातल्या टूथफिशबद्दल नेमका हाच वाद सुरू आहे, आणि त्यात भारतालाही मत आहे.

हा मासा कोणता?

महागड्या हॉटेलांच्या मेन्यूत 'चिलियन सी बास' दिसतो, तो टूथफिशच. विक्री वाढावी म्हणून 1977 मध्ये एका अमेरिकी आयातदाराने हे नाव दिलं. त्याच्या डिसॉस्टिकस या प्रजातीत दोनच जाती आहेत : पॅटागोनियन आणि अंटार्क्टिक. अंटार्क्टिक टूथफिश सुमारे 2 हजार मीटर खोलीपर्यंत सापडतो. तिथलं पाणी शून्याच्या खाली असतं. रक्तातल्या खास प्रथिनांमुळे तो गोठत नाही.

अडचण कुठे आहे?

ओढ्यातले बरेच छोटे मासे वर्षभरात अंडी घालतात. अंटार्क्टिक टूथफिशच्या मादीला त्यासाठी सुमारे 16 वर्षं लागतात. त्यामुळे एकदा संख्या घटली की भरून यायला दशकं जातात.

निर्णय कोण घेतं?

1982 मध्ये लागू झालेल्या करारानुसार 27 सदस्यांचा आयोग इथल्या मासेमारीची मर्यादा ठरवतो. भारत 1986 पासून सदस्य आहे. निर्णय सर्वसंमतीनेच होतात, म्हणजे एकाने नकार दिला तरी प्रस्ताव अडतो. रॉस समुद्रातलं सुमारे 15.5 लाख चौरस किलोमीटरचं संरक्षित क्षेत्र 2016 मध्ये मंजूर झालं. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्राचे प्रस्ताव मात्र रशिया आणि चीनच्या विरोधामुळे रखडले. आधी पुरेसा शास्त्रीय आधार द्या, असं त्यांचं म्हणणं. भारताने 2021 मध्ये या दोन्ही प्रस्तावांना पाठिंबा जाहीर केला. भारताचं 'भारती' संशोधन केंद्र पूर्व अंटार्क्टिकातच आहे, आणि या मोहिमा गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रामार्फत चालतात.

पुढे काय?

भारताच्या एकट्याच्या होकाराने प्रस्ताव मंजूर होणार नाही. पण आधार अपुरा आहे हा आक्षेप खोडायला माहिती लागते, आणि ती गोळा करणारे शास्त्रज्ञ आपल्याकडे आहेत. पूर्व अंटार्क्टिकाचा प्रस्ताव आयोगासमोर येऊन दशक उलटलं. 2012 मध्ये जन्मलेली टूथफिशची मादी अजून पहिल्यांदा अंडी घालायची आहे. अशा माशाच्या बाबतीत निर्णय लांबवणं हाही एक निर्णयच ठरतो.