घोड्यावर बसलेली बाई

२०२२ च्या ऑगस्टमध्ये डेन्मार्कमधल्या हर्निंगला घोडेस्वारीची जागतिक स्पर्धा झाली. अडथळ्यांवरच्या उड्या, ड्रेसाज म्हणजे घोड्याच्या तालबद्ध चाली आणि अपंगांचं पॅरा-ड्रेसाज, सारं एकाच गावात. ड्रेसाजची दोन्ही वैयक्तिक सुवर्णपदकं ब्रिटनच्या शार्लट फ्रायने नेली, तीही पुरुषांशी लढून. या खेळात बायकांचा वेगळा गट नसतोच! ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये मात्र १९५२ पर्यंत बाईला मज्जावच होता. त्या वर्षी हेलसिंकीत दार उघडलं आणि डेन्मार्कच्याच लिस हार्टेलने रौप्यपदक मिळवलं. पोलिओमुळे गुडघ्याखाली पाय लुळे; घोड्यावर चढता-उतरताना आधार लागायचा. आपण अपंग मुलीला समारंभात तीनचाकी देतो, फोटो काढतो. शाळेत खेळाच्या तासाला मात्र तिला वर्गातच बसवतो, दप्तरं सांभाळायला.