जिममध्ये तरुण, घरी अम्मी-अब्बा

मिहान म्हटले की टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल या कंपन्या आठवतात. तिथे आठ-नऊ तास खुर्चीत बसणारी आपली मुले-मुली आता जिमला जाऊ लागली आहेत. चांगलीच गोष्ट आहे. पण बहुतेक जिममध्ये गर्दी दिसते ती विशी-तिशीची. चाळिशीच्या बायका मोजक्या आणि साठीपुढचे क्वचितच.

विदर्भाला व्यायामाचे वेड जुने आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. मात्र तालमीची मातीही मुख्यतः तरुणांचीच होती. थोरांचे भागत असे, कारण पाणी शेंदणे, दळणे, पायी बाजार करणे यातच त्यांचा व्यायाम होई. आता ते कष्ट गेले आणि त्यांच्या जागी दुसरे काही आले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार २००० साली भारतात सुमारे २२ टक्के प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती. २०२२ मध्ये हे प्रमाण ४९ टक्क्यांवर गेले. स्त्रियांमध्ये ते ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के आहे.

तिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. म्हणजे ताकदीच्या व्यायामाची खरी गरज जिममध्ये न दिसणाऱ्यांनाच जास्त आहे. मांड्यांतली ताकद गेली की जमिनीवरून उठवत नाही, सजदा जड जातो आणि तोल जाऊन पडण्याची भीती वाढते.

प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे भरभर चालावे आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम करावेत, असे ही संघटना सांगते. पासष्टीपुढे तोल सांभाळण्याचे व्यायाम तीन दिवस हवेत. त्यासाठी जिमच हवी असे नाही. फजरनंतर अर्धा तास चाला. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. भिंतीला हात लावून टाचा उचला. पाण्याने भरलेल्या बाटल्या वजन म्हणून चालतात. गुडघेदुखी, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मुलांनो, जिममध्ये शिकलेले आठवड्यातून दोन संध्याकाळी घरीही शिकवा. अम्मी आधी हसतील, ‘या वयात काय हे?’ म्हणतील. तुम्ही खुर्ची पुढे करा आणि स्वतःही त्यांच्याबरोबर उठा-बसा.